सुकती

मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. तिचे सोळा आणे.

बाईच्या अंगठ्याला शाई धरत नव्हती, कारण अंगठा ओला होता. तिनं तो पदराला पुसला आणि पुन्हा टेकवला.

मंगळवार बाजारात सुक्या बोंबलांच्या जुड्या. वारा तिकडून आला की कचेरीत खिडक्या लावून घेतात.

'किंवा कसे.'

खिडकीपासून तिसरी फरशी.

भीमाशंकरनं चपलेतून पाय काढून गार फरशीवर टेकवला आणि चटका बसल्यासारखा उचलून घेतला. तळवा ओला झाला होता. तो टेबलाखाली वाकला. खिडकीपासूनची तिसरी शहाबादी फरशी काळीभोर दिसत होती; आजूबाजूच्या सगळ्या राखाडी, खडखडीत. फेब्रुवारी सरत आलेला. या दिवसांत सोलापुरात माठातलं पाणीसुद्धा निम्मं उडून जातं, तिथं भूमापन कचेरीची फरशी पाझरतेय कुठून?

"तिप्पण्णा, इथं कुणी पाणी सांडलं का?"

शिपाई तिप्पण्णा पोतेरं घेऊन आला आणि उकिडवा बसला.

"सांडाय पाणी पायजे की साहेब. नळ तीन दिस झाले नुसता खोकतोय." त्यानं फरशी पुसली, पोतेरं नाकाशी नेलं. "वास बघा. मासळीचा. मी आज खाल्ली न्हाय हां, आदीच सांगतो."

भीमाशंकरनं वास घेतला. त्याच्या लिंगायत घरात मासळीचं नावही निघत नसे, पण हा वास त्याला ठाऊक होता. तो मासळीचा नव्हता, चिखलाचा होता. पाच वर्षांमागं चार दिवस तो नाकाला रुमाल लावून या वासात राहिला होता.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. आयुष्यभर मोजणी केलेला माणूस. त्यानं डायरीच्या कोपऱ्यात वेळ टिपली. संध्याकाळी कचेरी सुटताना फरशी कोरडी होती.

सोमवार होता. त्याच सकाळच्या टपालात कुलाबा जिल्ह्यातून पत्र आलं होतं.

पत्र चार ओळींचं. त्याच्या एकाहत्तर सालच्या पंचनाम्याच्या आधारे तिथल्या एका गावातल्या मोठ्या खाजणाचा, खाडीकाठच्या चिखलट जमिनीचा, भराव पूर्ण झाला होता. लगतचं धाकटं खाजण 'तत्सम आहे किंवा कसे', ते त्यानं आठवड्याच्या आत कळवायचं होतं. सोबत पंचनाम्याची नक्कल. अक्षर त्याचंच, टपोरं आणि सरळ:

'जागा सुकती. पोटखराबा. उत्पन्न नाही. स्थानिक रहिवासी चांगुणाबाई यांनी जागा सुकती असल्याचे समक्ष सांगितले.'

खाली अंगठा. ओल्या बोटाचा, फिसकटलेला.

त्या वर्षी तिकडं मोजणीला माणसं कमी पडली म्हणून त्याला धाडलं होतं. भर दुपारी तो साखळी घेऊन खाडीच्या बांधावर उभा राहिला, तेव्हा समोर नजर पोचेल तिथवर करडा चिखल पसरला होता. कडेला भेगा पडलेल्या. मधे वाकड्यातिकड्या मुळांची झुडपं. पीक नाही, पाणी नाही. ज्या मुलखात तो वाढला, तिथं अशा जमिनीला एकच नाव होतं: पडीक.

बांधावर एक बाई बसली होती. बांधातल्याच लाकडी दारापाशी, ज्याला ती उघाडी म्हणत होती. तीच चांगुणाबाई.

"काय निघतं यात?" त्यानं विचारलं होतं.

"आता सुकती हाय, दादा. आता काय दिसंल? चार वाजता बघा."

"चार वाजता काय?"

"मंग दिसंल ना. बसा की, भात वाढते."

"आमची एसटी दोनला आहे."

सुकती. विहिरी सुकताना त्यानं पाहिल्या होत्या, ओढे, म्हशीची आचळं. शब्दाबद्दल विचारावं असं त्याच्या मनातही आलं नाही. तो त्याला आपल्या घरचा वाटला. उन्हं उतरल्यावर बघा, असंच बाई सांगत असेल. त्यानं कागद पुढं केला आणि शाईचा डबा उघडला.

मंगळवारी फरशी पुन्हा भिजली. बारा वाजून आठ मिनिटांनी.

जेवणाच्या सुट्टीत तिप्पण्णानं डबा उघडला, तशी भीमाशंकरनं सवयीनं खुर्ची भिंतीकडं फिरवली.

"बोंबील हायत, मागं बघू नका," तिप्पण्णा म्हणाला. "दोनच जुड्या घावल्या. बाई म्हनती, सुकती लई मोटी होती, जाळंच भरलं न्हाय."

खुर्ची परत वळली.

"काय मोठी होती?"

"सुकती. आता मला काय म्हाईत? त्यांची भाषा त्यांना."

"कुठं बसते ती?"

तिप्पण्णाचा घास हातातच राहिला. "तुमी? सुकटवालीकडं? वैनीला कळलं तर तुमच्यासंगं मलाबी हौदात बुचकाळत्याल."

मंगळवार बाजारात मिरच्यांच्या पोत्यांपलीकडं ती बसली होती. रेल्वेनं माल घेऊन येणारी, हिरव्या लुगड्याची, साठीची बाई. भीमाशंकर पुढं जाऊन उभा राहिला, तोंडावर रुमाल. मग त्याचं त्यालाच कसंसं झालं आणि त्यानं रुमाल खिशात घातला.

"बाई, सुकती म्हणजे काय हो?"

"घ्यायचं काय ते बोला."

"घेतो. आधी सांगा तरी."

"पानी उतरतं ना खाडीचं, ती सुकती. सा तासांनी परत चढतं."

"म्हणजे जमीन सुकत नाही?"

ती शेजारच्या मिरचीवालीकडं वळून हसली. "बघ गो, काय विचारतात. सुकायला ती काय तुमची विहीर हाय, दादा? दर्या जातो नि येतो. दिसातून दोनदा. आज जवा आला, त्याच्या दोन घटका मागनं उद्या."

दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. भीमाशंकरनं डायरी काढली. अकरा वीस. बारा आठ. त्यानं बेरीज पुन्हा केली, कारण बाजारात उभ्या उभ्या दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

"खाजणात काय मिळतं?"

"काय नाय मिलत? कोलंबी, चिंबोऱ्या, बोयटी. तिवरांच्या झुडपांत, मुळांशी पिल्लं वाढतात नि मंग भायेर जातात. आमचं घर त्याच्यावर चाललं."

"आणि भराव घातला तर?"

तिनं जुडी कागदात गुंडाळली. आता ती हसत नव्हती.

"मंग दर्या कुठून येल? चार दिस बांधाला डोकं आपटतो. मंग वाट सोडतो."

जुडी त्यानं तिप्पण्णाला दिली. तिप्पण्णानं ती डब्याच्या पिशवीत खोचली.

बुधवारी साडेबारापासूनच तो टेबल सरकवून बसला. छप्पन्नाव्या मिनिटाला यायला हवं होतं. तिप्पण्णा चहाचे कप विसळायचे सोडून दारात उभा राहिला. चोपन्न. पंचावन्न. फरशीच्या एका कोपऱ्यातून काळेपणा निघाला आणि पोळीला तूप लागावं तसा हळूहळू पसरत गेला.

"साहेब," तिप्पण्णा हलकेच म्हणाला, "ह्ये गटाराचं न्हवं."

संध्याकाळी फरशी वाळली तेव्हा कडेनं बारीक पांढरी रेघ उरली. कुणी बघत नाही असं पाहून भीमाशंकरनं बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं. खारट होतं.

त्यानंतर तो कचेरीचे प्रमुख आबासाहेब यांच्याकडं गेला. आबासाहेब फायलीवरून नजर न काढता म्हणाले, "भीमाशंकरअण्णा, त्या कुलाब्याच्या पत्राचं काय? 'तत्सम आहे.' दोन शब्द. लिहा आणि मोकळे व्हा."

"माझा शब्द चुकलाय, साहेब. सुकती म्हणजे ओहोटी."

"मग तिकडच्या लोकांना कळला असेलच की तो. तुम्ही सोलापूरचे, ते तर तिथलेच."

हे भीमाशंकरच्या लक्षातच आलं नव्हतं. तिकडच्या कचेरीत हा कागद पाच वर्षं टेबलाटेबलांवरून फिरला होता. त्यातल्या प्रत्येकाला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक असणार.

"एका शब्दानं काय बिघडतं?" आबासाहेब म्हणाले.

"मोठं खाजण गेलं."

आबासाहेबांनी आता चष्मा काढला. "पंचनामा चुकला म्हणालात की चौकशी लागते. दिवस कसले आहेत बघताय ना? वर्षभरात तुम्ही रिटायर. आणि नुसते तुम्ही नाही. खाली अंगठा त्या बाईचा आहे. तिलाही विचारतील, खोटं का सांगितलंस."

"तिनं खरंच सांगितलं होतं. मी उलटं ऐकलं."

"असं लिहिणार सरकारी कागदात?"

भीमाशंकर उभाच राहिला. आबासाहेबांनी चष्मा परत चढवला आणि फाईलचं पान उलटलं, म्हणजे जायला हरकत नव्हती.

गुरुवारी तो तासभर आधी आला. तीन मसुदे फाडले. चौथा असा झाला:

'धाकटे खाजण पडीक नाही. मोठेही नव्हते. "सुकती" म्हणजे ओहोटी; सदर जागा दिवसातून दोन वेळा पाण्याखाली जाते. मासळीची पैदास तेथेच होते. चांगुणाबाई यांचे सांगणे खरे असून चूक माझी आहे. पाणी चढलेले मी पाहिले नाही, कारण एसटीच्या वेळेमुळे थांबता आले नाही. एकाहत्तर सालची नोंद रद्द करावी व धाकट्या खाजणास हात लावू नये.'

शेवटचं वाक्य मोजणीदारानं लिहायचं नसतं. त्यानं ते खोडलं नाही. सही केली, तारीख घातली आणि स्वतः पोस्टात जाऊन रजिस्टर केलं.

"कधी पोचेल?"

"सोमवारी," खिडकीतला कारकून म्हणाला. "तार करायची होती, एवढी घाई असेल तर."

परत आला तेव्हा पाऊण वाजून गेला होता. पावणेदोनच्या सुमाराला फरशी भिजली. आज एक नाही, तीन फरश्या. भिंतीच्या कडेपर्यंत पाण्याची पातळशी साय चढली होती. भीमाशंकरनं चपला बाजूला ठेवल्या आणि दोन्ही पावलं त्यात टेकवली. तिप्पण्णा पोतेरं घेऊन आला, बघून माघारी गेला. पाणी उतरेपर्यंत त्यानं कचेरीतल्या कुणालाही त्या टेबलाकडं फिरकू दिलं नाही.

शुक्रवारी वेळ होती दोन बत्तीसची.

दोन चाळीस झाले. तीन वाजले. फरशी राखाडीच.

"गेलं की, साहेब." तिप्पण्णाच्या चेहऱ्यावर पाच दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. "कागद गेला, पाणी गेलं. मला वाटलंच हुतं, काय तरी देनं-घेनं असनार. फिटलं."

भीमाशंकरला क्षणभर तसंच वाटलं. त्यानं चहा मागवला, तिप्पण्णालाही पाजला. आबासाहेब जाता जाता थांबले, फरशीकडं बघून म्हणाले, "वाळली वाटतं. बरं झालं." चहा अर्धा झाला आणि भीमाशंकरनं बशी खाली ठेवली.

कागद गेला होता, पण पोचला नव्हता. सोमवारी पोचणार. आत्ता तो फार तर पुण्याच्या पोत्यात असेल.

त्यानं सोमवारचं पत्र पुन्हा काढलं. तारीख वाचली, आठवड्यामागची. मागच्या पानावर कुणीतरी पेन्सिलनं केलेली, त्याच्यासाठी नसलेली टीप होती. ती त्यानं आधीही पाहिली होती, वाचली नव्हती: 'धाकट्याचे काम चालू. उत्तर फायलीस लावावे.'

शनिवारी तीन वीसला त्यानं सगळ्यांदेखत टेबल बाजूला ओढलं, गुडघे टेकले आणि तिसऱ्या फरशीवर तळहात ठेवला. फरशी गरम होती. खिडकीतून आलेल्या उन्हानं तापलेली, सोलापूरच्या कुठल्याही फरशीसारखी. पांढरी रेघही कुणीतरी झाडून नेली होती. तिप्पण्णा दारात उभा होता, त्याच्या हातात कोरडं पोतेरं.

भीमाशंकरनं डायरी उघडली. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. शुक्रवारची ओळ रिकामी होती. शनिवारपुढं त्यानं वेळ लिहिली, आणि वेळेपुढं चांगुणाबाईचा शब्द, 'सुकती'. या खेपेला भीमाशंकरनं तेव्हा लावला होता तोच अर्थ बरोबर होता.

एकाहत्तर साली त्या गावाहून साडेपाचलाही एक एसटी होती.