यंदा कोण मांडतंय?

गोळ्यांच्या पाकिटामागचे नाव ती ब्लेडने खरवडत होती. चंदेरी कागद फाटू न देता नुसती अक्षरे काढायची म्हणजे हात स्थिर लागतो. नवऱ्याच्या समजुतीप्रमाणे या गोळ्या पित्ताच्या होत्या. त्यांच्या पोटातली गाठ काढण्यापलीकडे गेली आहे हे डॉक्टरांनी तिला एकटीला बाजूला घेऊन सांगितले होते, आणि त्यांना कळू देऊ नका, ते हाय खातील, असे तिनेच डॉक्टरांना विनवले होते. दोघांतले हे गुपित कालपासून तिसऱ्याकडे गेले होते. काल ती पक्षाच्या गटनेत्यांना भेटून आली होती.

आमदार होण्यापूर्वी तिचा नवरा वजनमापांचा निरीक्षक होता, आणि तिच्या लेखी अजूनही निरीक्षकच. बाजारातले तराजू तपासायचे, खोटी वजने जप्त करायची, शिव्या खायच्या आणि घरी यायचे. सभागृहात सगळे त्यांना 'तराजूवाले' म्हणत. त्यात थोडे कौतुक असे आणि बरीचशी थट्टा. थट्टेचे कारण त्यांचे एकच टुमणे. आमदारांचा पगार आमदारांनी ठरवू नये, बाहेरच्या माणसांच्या समितीने ठरवावा, आणि वाढ द्यायचीच तर ती पुढच्या निवडणुकीत निवडून येणाऱ्यांना द्यावी. पगार वाढूच नये असे काही त्यांचे म्हणणे नव्हते. आमदाराचे पगारात भागले नाही तर त्याची चूल दुसराच कोणी पेटवतो आणि मग त्याच्याच आवडीचे रांधावे लागते, हे तेच सांगत. पण वाढणारा आणि जेवणारा एकच असला की बाकीच्यांच्या ताटात काय पडते, हे कळायला शहाणपण लागत नाही, असेही म्हणत. ऐकणारे माना डोलवत आणि विषय बदलत.

गटनेत्यांपुढे बसून तिने पदर हातात घट्ट धरला होता.

"भाऊजी, त्यांच्याकडे फार दिवस नाहीत. तेवढं एक कलम त्यांच्या डोळ्यांदेखत होऊ द्या. दुसरं काही मागत नाही. आणि त्यांना यातलं काही माहीत नाही. कळू देऊ नका."

गटनेत्यांचे डोळे खरोखरच भरून आले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"वहिनी, पगाराचं विधेयक याच अधिवेशनात येतंय. ते तराजूवाल्यांनाच मांडू दे. त्यांचं कलम त्यात घालतो. शब्द दिला तुम्हाला."

राजकारणातही माणसे असतात म्हणायची, असे वाटून ती हलक्या मनाने घरी आली होती.

ब्लेड कागदात गुंडाळून तिने वर फळीवर ठेवले, तोच दार वाजले. निरीक्षक आत आले, बूट काढायला स्टुलावर बसले आणि एक बूट हातात धरून तसेच बसून राहिले.

"पगाराचं विधेयक मला मांडायला सांगितलंय," ते म्हणाले.

"तुमच्या कलमासकट?" तिने जमेल तेवढे नवल चेहऱ्यावर आणले.

"कलमासकट. गटनेते स्वतः माझ्या बाकापाशी आले. खांद्यावर हात ठेवला. तो माणूस कधी कोणाच्या खांद्यावर हात ठेवत नाही गं."

"मग चांगलंच झालं की."

"चांगलंच झालं."

ते तिच्याकडे बघत राहिले. इतका वेळ बघत राहिले, की तिला उगाच गॅसकडे वळून आधीच बंद असलेले बटण बंद करावे लागले. मग ते हसले आणि बूट खाली ठेवून म्हणाले, "आता पुढची निवडणूक सोपी जाणार बघ."

त्यानंतर घरात निवडणुकीशिवाय विषय उरला नाही. एरवी निवडणूक म्हटले की कपाळाला हात लावणारे निरीक्षक आता जेवताना कुठल्या वस्तीत आधी जायचे, मागच्या वेळी कोण फिरला होता, यंदा कोणाला हाताशी धरायचे हे बोलत. प्रचाराच्या फोटोसाठी नवा शर्ट शिवायला टाकला. गळ्याचे माप घेताना शिंपी दोनदा थबकला, तेव्हा तेच म्हणाले, "चालून चालून बारीक झालोय, घे तू." ती शेजारी उभी होती. यांना कशाचीच शंका नाही, म्हणून तिला बरे वाटत होते. तरी रोज न्हाणीघरात नळ सोडून ती रडून घेई आणि तोंड धुऊन बाहेर येई.

विधेयकाच्या दिवशी ती प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसली. शेजारी काठीवर हनुवटी टेकवून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. माजी आमदार, असे त्यांनी आपणहून सांगितले. घरी करमत नाही म्हणून येतो. खाली अजून जागा भरत होत्या.

"पगाराचं आहे ना आज? यंदा कोण मांडतंय?"

"आमचे हे," ती म्हणाली. सांगताना अभिमान लपला नाही.

म्हाताऱ्यांनी काठी सरकवून अख्खे अंग तिच्याकडे वळवले.

"अरेरे. प्रकृती, की तिकीट कापलं?"

"म्हणजे?"

"अहो, हे विधेयक मांडणारा पुन्हा उभा राहत नसतो. स्वतःचा पगार वाढवून मागणाऱ्याला मत कोण देईल? पण मांजराच्या गळ्यात घंटा कोणीतरी बांधायलाच हवी. मग ज्याचं सगळं आटोपलंय, त्याला पुढे करायचं. गेल्या खेपेला मी होतो."

"हे… सगळ्यांना माहीत असतं?"

"आत बसणाऱ्या शेंबड्या पोरालाही."

तिला रडू आले नाही. आला तो राग, तोही स्वतःचाच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. म्हणजे हातात बूट धरून ते बसले होते, तेव्हाच त्यांना सगळे कळले होते. काय झाले आहे तेही, आणि ते बाहेर कोणी सांगितले असेल तेही. वस्त्या, फिरलेली माणसे, शर्ट, सगळे तिच्यासाठी चालले होते.

खाली निरीक्षक उभे राहिले. नव्या शर्टाची कॉलर तरीही सैलच होती.

"दुकानदार कितीही सज्जन असला, तरी त्याचा तराजू त्याला तपासू देत नाहीत," ते म्हणाले. "तो चोर असतो म्हणून नाही. माणूस असतो म्हणून. आपणही माणसंच आहोत. माझी विनंती एवढीच आहे, की आपलं वजन दुसऱ्याला करू द्या."

मग त्यांच्याच पक्षातला एक जण शांतपणे उठला आणि समितीचे कलम वगळावे, अशी दुरुस्ती त्याने मांडली. विरोधी पक्ष घोषणा देत बाहेर निघून गेला. म्हणजे त्यांना नाही म्हणायला नको आणि होय म्हणायलाही नको. पगार त्यांचाही वाढणारच होता. सुंठीवाचून खोकला गेला. अध्यक्षांनी विचारले, बाकांवरून 'होय' आले, आणि कलम गेले. पुढच्या निवडणुकीची अट त्याच कलमात होती, ती त्याबरोबर गेली.

"अध्यक्ष महोदय, मी हे विधेयक मागे…" निरीक्षक बोलू लागले. पण बाके वाजत होती आणि अध्यक्ष पुढचा प्रश्न विचारून मोकळे झाले होते. पुन्हा 'होय' आले आणि विधेयक मंजूर झाले. बाके आणखी जोरात वाजली. निरीक्षक बाकाची कड धरून उभे होते. शेजारच्याने त्यांना हात धरून खाली बसवले.

गटनेत्यांनी सज्जाकडे पाहून तिला नम्रपणे हात जोडले. त्यांच्या चेहऱ्यावर शब्द पाळल्याचे समाधान होते. कलम घालतो म्हणाले होते, घातले होते. ते टिकवतो असे काही ते म्हणाले नव्हते.

बाहेरच्या पायऱ्यांवर पत्रकार उभेच होते.

"तराजूवाले, शेवटी तुम्हीही आपलंच पारडं जड केलंत?"

"आमचं कलम काढलं त्यांनी," निरीक्षक म्हणाले. कोणी ते लिहून घेतले नाही.

"पण नाव तुमचंच आहे विधेयकावर. पुन्हा उभे राहणार नाही, म्हणूनच मांडलंत ना?"

नुसते 'हो' म्हटले असते तर सुटका होती. जाणाऱ्या माणसाला लोक फार बोलत नाहीत. चार दिवस नाव खराब झाले असते, मग कोणीतरी हळहळले असते. निरीक्षकांनी मान वळवली आणि मागे उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिले. तिने नजर चुकवली नाही.

"कोण म्हणतं?" ते पत्रकाराला म्हणाले. "उभा राहणार. तयारी चालू आहे आमची."

मागे कोणीतरी मोठ्याने हसले. "पगारही वाढवून घ्या आणि मतंही मागा," दुसरा म्हणाला. पेने भराभर चालू लागली. उद्याच्या पेपरात काय येणार, हे आता तिलाही समजत होते.

"खरं का हो, बाई?" पत्रकाराने तिला विचारले.

"हो," ती म्हणाली. "या वेळी प्रचाराला मीही निघणार आहे."

निरीक्षकांनी तिचा दंड धरला.

"जपून. पायऱ्या उंच आहेत," ते तिला म्हणाले, आणि आपला सगळा भार तिच्यावर टाकून उतरू लागले.