ओला गठ्ठा

फरशी पुसायच्या काठीचा पहिला तडाखा नवऱ्याच्या खांद्यावर बसला, दुसरा त्याने हातावर झेलला.

"अगं, डोकं फिरलं का तुझं? पिशवीच ठेवलीय, बॉम्ब नाही!"

"पट्टीच्या आत ठेवलीत! आधी बाहेर घ्या ती!"

दारापासून थोड्या अंतरावर तिने जमिनीवर लाल चिकटपट्टी मारली होती. पट्टीच्या अलीकडे घाण, पलीकडे स्वच्छ. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. साथीमुळे सगळं शहर घरात बसलं होतं, पण लिफ्टना कुठली सुट्टी? सगळ्या गावाने बोटं लावलेली बटणं हा खोलायचा, पुसायचा, पुन्हा बसवायचा, आणि तेच हात घेऊन जेवायला घरी यायचा.

"कपडे काढा. इथंच."

"जिन्यात लोक आहेत."

"लोकांनी डोळे मिटावेत."

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी कठड्यावरून डोकावून विचारलं, "आज नवरा उकडणार, की नुसताच धुणार?"

तो हसला. ती हसली नाही. तिने फवाऱ्याची बाटली उचलली आणि त्याच्या छातीवर, मानेवर, काखेत जंतुनाशक मारायला सुरुवात केली. गेल्या आठवड्याचे भाजल्यासारखे चट्टे अजून ताजे होते. त्यावर थेंब पडले तसा तो दात आवळून शिवी पुटपुटला, पण हलला नाही. हललं की पहिल्यापासून, हे त्याला आता पाठ झालं होतं.

ती एका मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करायच्या खोलीत कामाला होती. एका खिडकीतून रक्ताने माखलेल्या कात्र्या, चिमटे आत यायचे. ते घासायचे, कापडात गुंडाळायचे, वाफेच्या यंत्रात घालायचे आणि दुसऱ्या खिडकीतून बाहेर द्यायचे. तिथला एक नियम कुणीही मोडत नसे. यंत्रातून निघालेला गठ्ठा ओलसर लागला, तर तो घाण धरायचा. जंतू ओलाव्याच्या वाटेने कापडातून आत शिरतात. वाफ कितीही कडक असो, ओला गठ्ठा परत. सोडायचा, घासायचा, पुन्हा बांधायचा. हे काम तिच्याइतकं कुणाला साधलं नव्हतं. नुसत्या बोटाच्या टोकाने तिला दमटपणा कळायचा. खोलीतली थोरली मावशी म्हणायची, "बाई गं, नवरापण असाच चाचपून केलास का?"

मग साथ आली. दुसऱ्या खिडकीपाशी गठ्ठे घ्यायला एक बाई असायची. दोघींनी एकमेकींचे फक्त डोळे पाहिले होते, पण थट्टामस्करी रोजची. ती बाई एका सोमवारी आली नाही, आणि मग कधीच आली नाही. शेवटच्या दिवशी गठ्ठा देता-घेता तिची बोटं हिच्या बोटांना लागली होती.

तेव्हापासून हात ऐकेनासे झाले. हा विषाणू साबणाने मरतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. डोक्याला सगळं कळायचं. डोकं सांगायचं आणि हात पुन्हा नळाखाली जायचे.

फवाऱ्याचा वास घरभर पसरला होता. नवरा उघडाच पंचा गुंडाळत होता, इतक्यात आतल्या खोलीतून त्यांची मुलगी धावत आली. शाळेत जायचं वय, पण शाळा बंद. दिवसभर घरात गरागरा फिरते म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. तिने पट्टी ओलांडली आणि बापाच्या कमरेला मिठी मारली.

"बाबा, आज किती लिफ्ट पडल्या?"

आईने पोरीचा दंड धरला, फरफटत न्हाणीघरात नेलं आणि कडी घातली.

हत्यारं घासायचा ताठ केसांचा ब्रश तिने कामावरून आणून ठेवला होता. नखं. बोटांच्या बेचक्या. मनगट. कोपरापर्यंत. भिंगरी ओरडायला लागली. टॉवेलने तिला खसाखसा पुसून तिने बोटाच्या टोकांनी तपासलं. मान कोरडी. कपाळ कोरडं. गाल ओले.

ओला. परत.

"आई, दुखतंय गं!"

"रडलीस की पहिल्यापासून."

भिंगरी रडली. पहिल्यापासून झालं. पुन्हा पुसलं, पुन्हा गाल ओले, पुन्हा ब्रश. खालून वाहणारं पाणी गुलाबी दिसायला लागलं, ते तिने पाहिलं आणि मनातून बाजूला सारलं, जसं कामावर रोज सारायची.

दारावर लाथा बसत होत्या. "उघड! उघड नाहीतर तोडतो!"

कडी उडून बादलीवर आदळली. नवऱ्याने तिचा अंबाडा धरून तिला मागे खेचलं आणि सगळ्या ताकदीने थोबाडीत मारली. तिचं डोकं नळावर आपटलं. भुवईतून रक्त आलं. तिने त्याच्या मनगटाला दात लावले आणि मांस लागेपर्यंत सोडले नाहीत. फळीवरची जंतुनाशकाची बाटली खाली पडून फुटली, वासाने तिघांना ठसका लागला.

"मारून टाकशील तिला!"

"मी? तुम्ही माराल! बाहेरून मरण घेऊन येता रोज!"

त्याने पुन्हा हात उगारला. तिने ब्रश उगारला.

"आई."

कोपऱ्यात भिंगरी टॉवेल गुंडाळून उभी होती. सोललेल्या हातांनी टॉवेलचं टोक धरून ती आपले गाल टिपत होती. डोळे ताणून उघडे ठेवले होते, पापणी लवू देत नव्हती. हनुवटी थरथरत होती.

"आई, बघ, मी कोरडी आहे. हात लावून बघ."

तिने हात लावला. गाल खरंच कोरडा होता. त्याखालचा जबडा तारेसारखा ताठ लागला. इतक्या वर्षांत आपणहून वाळलेला गठ्ठा तिने पाहिला नव्हता.

ब्रश हातातून सुटला.

"रड गं," ती म्हणाली. "रड, राणी. मी काही नाही करत."

भिंगरीने मान हलवली. "नको. तू परत करशील."

नवऱ्याने वाहता नळ बंद केला.

"हिला ताईंकडे न्या," ती म्हणाली. ताई म्हणजे त्याची बहीण. "आत्ताच्या आत्ता."

"आणि तू?"

"सकाळी कामावर जाईन तेव्हा वर जाते. आमच्याकडे वरच्या मजल्यावर डोक्याचे डॉक्टर बसतात. त्यांची हत्यारं कधी माझ्याकडे आली नाहीत, म्हणून मी तो जिना चढलेच नाही." तिने भुवईवरचं रक्त पुसलं. "मी बरी झाले असं मी म्हटलं, तर आणू नका हिला. ते म्हणाले, तरच आणा."

तो मनगट धरून खाली बघत होता. "मीपण हात उचलला आज."

"उचललात," ती म्हणाली.

भिंगरीच्या हातांना मलमपट्टी त्याने केली. तिने फक्त जाळीचं कापड कापून दिलं. थोड्या वेळाने तो कपड्यांची पिशवी घेऊन जिना उतरला. भिंगरी त्याच्यामागे निघाली आणि दाराबाहेर थांबली. बुटाची नाडी सुटली होती. पट्ट्या बांधलेल्या बोटांनी ती बांधता येईना. तिने वाकून जिन्यात पाहिलं, पण बाप वळणाखाली गेला होता.

आई बाहेर आली. नाडी रस्त्यावर लोळून काळी पडली होती, टोकाला कसलासा चिकट मळ. ती गुडघ्यांवर बसली. भिंगरीने पाय मागे घेतला.

तिने वाट पाहिली. पाय हळूहळू पुढे आला.

"घट्ट नको."

"नाही. सैलच बांधते."

तिने नाडीची दोन्ही टोकं उघड्या बोटांत धरली, गाठ मारली, आणि गाठीत बोट घालून ती सैल आहे ना, ते पाहिलं. भिंगरी जिना उतरून गेली. खाली दार लागल्याचा आवाज आला. ती अजून गुडघ्यांवरच होती. कपाळावर केस आले होते. ते तिने त्याच हातांनी मागे सारले.