सासूच्या भांड्यातली चोरी

माझ्या जावयाने माझ्या घरातून आजवर एकच गोष्ट चोरली, आणि तीही पलंगाखालच्या भांड्यातून.

आमचा संडास अंगणाच्या पार टोकाला, पेरूच्या झाडामागे. म्हणून रात्रीसाठी पलंगाखाली भांडं असतं आणि सकाळी मी ते ओतते. त्या दिवशी मी आधी नाकातमाल, म्हणजे मक्याच्या पिठाची मांस घातलेली पानगी, बांधायला केळीची पानं शेकत बसले. तेवढ्यात जावयाने, एवेनोरने, आपली बाटली त्या भांड्यातून भरून घेतली.

ऊसतोडीच्या हंगामाआधी आमच्याकडे प्रत्येक तोडकऱ्याची लघवी तपासतात. मूत्रपिंडाचा बिघाड निघाला, तर हातात कोयता मिळत नाही. एवेनोरचा बाप आणि थोरला भाऊ याच रोगाने भर तारुण्यात गेले. आपलीही तीच गत, असं त्याने मनाशी धरलेलं. त्यात माझी लेक याओस्का पोटुशी. काम गेलं तर खायचं काय? मग या पठ्ठ्याने विचार केला, या घरात सगळ्यात दणकट कोण? सासू!

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. दुपारी तो दवाखान्यातून आला आणि न सांगता विहिरीवरून पाणी आणलं. मग माझ्यासाठी सावलीत खुर्ची टाकली. संध्याकाळी चक्क माझे पाय चेपायला बसला. जावई पाय चेपतो म्हणजे चोराच्या मनात चांदणं.

"काय जावईबापू, कुठे दुसरं घर मांडलंस का?" मी विचारलं.

"नाही हो, आई!"

"मग बोल. नाहीतर हा डाव बघितलास?"

त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आई, मी तुमची लघवी माझी म्हणून दिली. नर्सबाई म्हणाल्या, यात प्रथिनं जाताहेत, मूत्रपिंडाला त्रास सुरू झालाय. म्हणजे… तुमच्या."

लाकडी डाव त्याच्या पाठीत बसलाच. याओस्का धावत आली आणि सगळं ऐकून पोट धरून हसायला लागली. मग हसता हसता रडली. मीही घाबरले होते, खोटं कशाला बोलू? पण तो गप्प बसला असता, तर मला कधी कळलं असतं?

"उद्या जाऊ दोघं," मी म्हटलं. "आपापली बाटली घेऊन."

"माझी खराब निघाली तर?"

"तर लवकर कळेल. तुझ्या बापाला कुणी लवकर सांगितलं होतं का?"

सकाळी तो माझ्याआधी तयार होता.

नर्स आउक्सिलियादोराने आधी सगळं ऐकून घेतलं, मग त्याचा कान धरला. "गाढवा, ही तपासणीची पट्टी तुझं काम हिसकावायला नाही, तुला जगवायला आहे!"

माझ्या लघवीत बुडवलेली पट्टी पुन्हा हिरवी पडली, म्हणजे प्रथिनं जात होतीच. एवेनोरची पिवळी ती पिवळीच राहिली, म्हणजे काही दोष नाही. त्याची खात्री होईना म्हणून तो ती खिडकीशी नेऊन उजेडात बघत राहिला. मग त्याने मला तिथेच उचललं आणि गरागरा फिरवलं. बाहेर रांगेतले तोडकरी टाळ्या वाजवायला लागले.

"खाली ठेव त्यांना, रक्तदाब तपासायचाय," नर्स ओरडली. माझा रक्तदाब वाढलेला निघाला. गुडघेदुखीसाठी मी रोज गोळ्या खायचे, त्या मूत्रपिंडाला घातक म्हणून तिने बंद केल्या. मीठ कमी, रक्तदाबाची गोळी रोज. "वेळेत सापडलं, निकांद्राबाई. नातवंडं खेळवाल." एवेनोरला दम दिला, तो वेगळा. उन्हात तोडताना मधेमधे सावलीत बसायचं, पाणी प्यायचं आणि दर हंगामाला यायचं.

माझ्या नाकातमालचं मीठ कमी झालं तेव्हा शेजारणींनी नाकं मुरडली. एवेनोर मात्र तीन तीन खाऊन म्हणायचा, "झकास!" खोटारडा.

पुढच्या हंगामाआधी तपासणीच्या सकाळी तो माझ्या दारात उभा. एका हातात दोन धुतलेल्या बाटल्या, खांद्यावर नात.

"आई, यंदा चोरून नाही, मागून न्यायला आलोय."

"दे माझी. आणि तुझी तू स्वतः भर, मी दाराबाहेर उभी राहणार."

तेवढ्यात पोरीने त्याचा सदरा पाठीपर्यंत भिजवला.

"घे," मी म्हटलं, "हिनेही दिली. चला आता."