टगबोटीचा जळफळाट

मित्रांनो, मिरकरवाड्याच्या धक्क्यावर येऊन तुम्ही जिच्यापुढे फोटो काढता, ती मी नव्हे. ती पांढरी सरकारी बोट. तिच्या मागे जुन्या टायरांच्या माळा घातलेली, गंजून तांबडी झालेली बुटकी टगबोट दिसते ना, ती मी. माझं नाव सुवर्णलक्ष्मी. हसू नका, एके काळी ते मला शोभायचं.

माझा जन्म गोव्यातल्या एका गोदीतला. टगबोट म्हणजे अंगाने लहान आणि ताकदीने दांडगी. आपल्याहून कितीतरी मोठ्या जहाजाला दोर लावून ओढायचं, हेच आमचं काम. गुरुप्रसाद शेटांनी मला विकत घेऊन रत्नागिरीत आणलं आणि माझं सुकाणू रघू तांडेलाच्या हाती दिलं. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. रघूने आणि मी किती बार्ज, म्हणजे बिनइंजिनाच्या सपाट मालबोटी, ओढले, बंद पडलेले किती ट्रॉलर घरी आणले, त्याची गणती नाही. नारळी पुनवेला धक्क्यावरचा पहिला हार मला पडायचा. "सुवर्णलक्ष्मी हाय तवर दर्यात कोण अडकून ऱ्हायचा नाय," असं लोक म्हणायचे, आणि मला ते खरं वाटायचं.

मग ती पांढरी आली. तेल शोषणारी यंत्रं, पाण्याच्या तोफा, गणवेशातले खलाशी आणि थंड हवेची केबिन, सगळा थाट तिचाच. पहिला हार तिला जाऊ लागला. शाळांच्या सहली तिच्यावर चढायच्या, माझ्यावर कावळे बसायचे. खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखायचं. तिला नवा रंग लागला की माझ्या अंगाची आग व्हायची. ती बंद पडावी, धक्क्याला घासावी, निदान तिचा भोंगा तरी बसावा, अशी माझी रोजची प्रार्थना असायची.

गेल्या आश्विनात एक परदेशी मालवाहू जहाज इंजिन बंद पडून वाहत आलं आणि आरे-वारेसमोरच्या खडकांवर बसलं. त्याच्या टाक्यांत काळं, जाड तेल होतं. मालक साता समुद्रापलीकडे. तो म्हणाला, आमचीच टग येते आहे, आठवडाभर थांबा. इकडे प्रत्येक लाटेबरोबर खडक जहाजाचा तळ घासत होता. तो फुटला असता तर आधी आरेची खाडी मेली असती. रघूची बहीण मालन त्याच खाडीच्या चिखलातून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढते. त्या विकूनच तिचं घर चालतं.

सरकारच्या जहाज खात्यातल्या राजश्री मॅडम आल्या. मित्रांनो, एखाद्या जहाजापासून समुद्राला धोका असेल तर सरकार त्याच्या मालकाला हुकूम करू शकतं, की तेल काढून घे, जहाज हलव. त्याने ऐकलं नाही तर सरकार ते काम स्वतः करतं आणि खर्च त्याच्याकडून वसूल करतं. त्या कामाला कोणाची खासगी बोट लागली तर तीही भाडं देऊन बोलावता येते. इथे हुकूम सुटला, पण मालकाने त्याची मुदत उलटू दिली. पांढरी निघाली आणि हुकूम माझ्याही नावाने आला. मी मनात म्हटलं, पडली ना शेवटी गरज?

मॅडमनी रघूला फोनवर विचारलं, "पांढऱ्या बोटीच्या जोडीने तुमची टग जहाज ओढेल का?"

रघू म्हणाला, "वडंल, पन आज नको मॅडम. आज भांग हाय."

"तुम्ही कामावर भांग घेता?"

"मी कशाला घेऊ? दर्यालाच हाय."

मॅडम वर्ध्याकडच्या. आमच्याकडे उधाणाच्या उलट, अष्टमीच्या सुमारास जी कमजोर भरती येते तिला भांग म्हणतात, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तशा भरतीत जहाज उठणार नाही हे त्या जाणूनच होत्या, म्हणून आधी तेल उपसायचं त्यांनी ठरवलं होतं. अडला तो एक शब्द. हा माणूस नशेत आहे असं समजून त्यांनी मला ओढण्याच्या कामातून काढलं आणि खाडीच्या तोंडाशी बूमचं टोक धरायला उभं केलं. बूम म्हणजे तेल अडवणारा तरंगता केशरी पट्टा. त्याचं एक टोक किनाऱ्याला बांधलेलं, दुसरं माझ्याकडे. ज्या अंगाने जहाजं ओढली त्या अंगाने आता पट्टा धरायचा! माझा नुसता तिळपापड झाला.

पांढरी दिमाखात तेल उपसत होती. दुपारी जहाजाचा पत्रा फाटला आणि उरलेलं तेल बाहेर आलं. भरती लागली होती. तो काळा थर सरळ खाडीकडे सरकला आणि पट्ट्याला येऊन भिडला. ताण माझ्यावर आला, इंजिन तापलं. त्या वेळी माझ्या मनात काय आलं सांगू? आपण जरा ढिलं सोडलं तर नाव पांढरीचं जाईल. सगळे म्हणतील, हिच्या डोळ्यांदेखत खाडी बुडाली. विचार गोड होता.

किनाऱ्यावर मालन गुडघाभर चिखलात उभी होती. ती ओरडली, "रघ्या, सोडू नको हां."

रघूने इंजिनाचा जोर वाढवला. जळका वास सुटला, तरी मी हलले नाही. ओहोटी लागेपर्यंत पट्टा धरून राहिले. पांढरीने बाहेर अडकलेलं तेल शोषून घेतलं. खाडीत थेंबही गेला नाही.

संध्याकाळी मॅडम माझ्यावर चढल्या. त्यांना कोणीतरी शब्द समजावला होता. त्या ओशाळून हसल्या आणि रघूची माफी मागितली. रघू म्हणाला, "भांग होता म्हनून हिनं पट्टा धरलान. उधान असता तर कुनाच्यानं धरवला नसता." पुढे उधाणाला पांढरीने रिकामं जहाज ओढून काढलं. वर्तमानपत्रात फोटो तिचा आला. माझा दोरसुद्धा त्यात नव्हता.

माझं इंजिन मात्र त्या दिवशी गेलं ते गेलंच. शेटांनी दुरुस्त केलं नाही. रघू गुडघ्यांनी बसला, तो आता धक्क्यावर येत नाही. माझ्या तळात पाणी झिरपतं आहे, आणि टाकीत अजून डिझेल आहे. त्या परदेशी जहाजाचा पत्राही असाच, कोणी निगा न राखल्याने, पापुद्र्यासारखा झाला होता.

मित्रांनो, मला रंग नको, हार नको. भंगारात जायलाही माझी ना नाही. फक्त गुरुप्रसाद शेटांना एवढं सांगा, की माझी टाकी रिकामी करा. नाहीतर एक दिवस माझाच तळ फुटेल, माझ्यावरच हुकूम सुटेल, आणि मला बूम घालायला ती पांढरी येईल. तेवढं मला सोसायचं नाही.