बंद पाकीट

“आमच्या पिशवीची गाठ कोणी सोडली?” तिसऱ्या मजल्यावरच्या विमा एजंटाने इतक्या जोरात विचारलं, की जिन्यातली चार माणसं जागच्या जागी थांबली.

“मी सोडली,” टपालकाका म्हणाले. हातात रबरी मोजे, पुढ्यात ओल्या-सुक्या कचऱ्याची दोन पिंपं. “तुम्ही सगळं एकत्र कोंबता. गाठ न सोडता वेगळं कसं करू?”

“वेगळं करता की वाचता?”

जिन्यातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. सगळ्यांच्या मनात तेच होतं. फक्त तोंड कोणी उघडायचं, एवढाच प्रश्न होता.

टपालकाकांनी चौतीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं निवडून ज्या त्या गावाच्या खणात टाकली होती. मिसळलेला कचरा गाडी उचलेना, तेव्हा इमारतीने हे काम कौतुकाने त्यांच्या गळ्यात घातलं. काकांनी ते मनावर घेतलं. दुधाची पिशवी धुऊन वाळवा, कापलेला कोपरा पिशवीलाच राहू द्या. फुटकी काच कागदात गुंडाळून वर लाल खूण करा; गाडीवरच्या बाईच्या तळहाताला पाच टाके पडलेत, ते येऊन बघा. खरकटं लागलेला कागद कोणी घेत नाही, तो डेपोत जळतो आणि धूर आपल्याच खिडकीतून आत येतो. हे त्यांनी दारोदार सांगितलं.

लोकांना पटलं. आणि मग लोक घाबरले. कचऱ्यातून घर कळतं, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. शिक्षिकाबाई गोळ्यांची वेष्टनं बारीक कातरून टाकू लागल्या. तळमजल्यावरच्या जावईबापूंनी रिकाम्या बाटल्या थेट ऑफिसच्या बॅगेतून न्यायला सुरुवात केली. काकांना कोणाच्या गोळ्या-बाटल्यांशी देणंघेणं नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता तो एका पाकिटात.

दोन आठवड्यांपूर्वी तिसऱ्या मजल्याच्या पिशवीत ते सापडलं होतं, चहाच्या चोथ्यात, न उघडलेलं. नाव एजंटाच्या वडिलांचं, म्हणजे आबांचं. मागे बारीक अक्षरात ‘बेबीकडून’. बेबी म्हणजे आबांची मुलगी. सहा वर्षांपूर्वी भावाशी भांडून ती घराबाहेर पडली होती. काकांना वाटलं, चुकून पडलं असेल. बंद पाकीट पत्त्यावर पोचलंच पाहिजे, हे त्यांच्या हाडीमासी भिनलेलं. त्यांनी ते पुसलं, वाळवलं, सवयीने कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख घातली आणि वर जाऊन दाराच्या फटीतून आत सरकवलं.

चार दिवसांनी तेच पाकीट पुन्हा कचऱ्यात आलं. तीच तारीख, तसंच बंद.

म्हणजे ते चुकून पडत नव्हतं. एजंट कामावर गेल्यावर ते तीन मजले चढले आणि पाकीट आबांच्या हातात ठेवलं. आबांनी आधी मागचं अक्षर पाहिलं, मग चहाचा डाग. “आणखी किती आली असतील हो?” एवढंच त्यांनी विचारलं.

आणि आज एजंट समोर उभा होता. “बोला ना! काय सापडलं आमच्या पिशवीत? सांगा सगळ्यांसमोर!”

काकांनी वर पाहिलं. आबा गॅलरीचा कठडा धरून उभे होते. त्यांना याच मुलाच्या घरात राहायचं होतं, त्याच्याच हातचं पाणी प्यायचं होतं. काकांनी मोजे उतरवले.

“वाचतो मी,” ते म्हणाले. “जुनी खोड आहे. चुकलं माझं.”

“बघा! मी म्हणत नव्हते?” शिक्षिकाबाई म्हणाल्या, आणि मग सगळ्यांनाच कंठ फुटला. यापुढे काकांनी पिंपांना हात लावायचा नाही, असं तिथेच ठरलं. काकांना फार लागलं. चौतीस वर्षांत दुसऱ्याच्या पत्रातलं एक अक्षर त्यांनी वाचलं नव्हतं, आणि तेवढंच त्यांना सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पिंपांत करकचून गाठी मारलेल्या काळ्या पिशव्या होत्या. गाडीवरची बाई कपाळाला हात लावून पिंपापाशी उभी होती. काका पायरीवर नुसते बसून होते.

जिन्यात पाय घासल्याचा आवाज आला. गुडघ्यांमुळे वर्षभर खाली न उतरलेले आबा एकेक पायरी उतरत होते. एका हातात ओल्याचा डबा, दुसऱ्यात सुक्याचा. दारादारांतून माणसं बघत होती. एजंट वरून ओरडला, “आबा, काय चाललंय तुमचं?” आबांनी मान वर केली नाही.

त्यांनी सुक्याचा डबा काकांसमोर ठेवला. झाकण काढलं.

“माझा कचरा तुम्हीच बघायचा,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “नीट बघा. तळापर्यंत.”

काकांनी उघड्या हातांनी एकेक कागद बाजूला केला. वर्तमानपत्र, साबणाचं वेष्टन, विजेचं जुनं बिल. शेवटी डबा उलटा करून झटकला.

“नाही हो आबा,” ते हळूच म्हणाले. “पाकीट नाही.”

आबांनी मान डोलावली, कठडा धरला. “बरं,” ते म्हणाले. “उद्या परत आणतो.”