सतरा नंबरची पिशवी

माझ्या धुलाईघरात एकच कायदा आहे. कपडा झटकायचा नाही. बाकी तुम्ही शिट्ट्या मारा, बायकोच्या कागाळ्या सांगा, फुटबॉल हरलात म्हणून गळा काढा, मला त्याचं सोयरसुतक नाही. पण कोणी कोट झटकला की माझं डोकं फिरतं.

परवा हमादी नावाच्या कामगाराने झटकला. अगदी माझ्या दारात, वाऱ्याच्या तोंडावर.

"मेल्या, हात मोडले का तुझे? पिशवीत घालता येत नाही?"

"लल्ला तामू, चिमूटभर धूळ ती. केवढा गहजब!"

"चिमूटभर? तुझ्या पोराच्या दुधात घालू का चिमूटभर?"

तो हसत हसत कान पकडून गेला. तोंडावर सगळे मला मानाने लल्ला म्हणतात, घाबरतात, आणि पाठीमागे सगळे माझी नक्कल करतात, दोन्ही मला ठाऊक आहे.

विजेच्या कारखान्यात कोळसा जळतो, त्याची राख टँकर भरभरून आमच्या काँक्रीटच्या कारखान्यात येते. सिमेंटच्या जागी थोडी ही घातली की सिमेंट कमी लागतं, आणि इथल्या खाऱ्या पाण्यात बांधकाम जास्त टिकतं म्हणे. हातात घ्या, पिठीसाखरेहून मऊ. तिथेच ती दगा देते. वाळू खोकून बाहेर पडते, ही आत जाऊन बसते ती चिवट पाहुण्यासारखी, उठायचं नावच घेत नाही. म्हणून आमच्याकडे कोरडा झाडू मारायचा नाही, मास्क काढायचा नाही, हवेच्या पाइपने अंगावरची राख उडवायची नाही. काम संपलं की सक्शनच्या नळीने अंगावरची राख ओढून घ्यायची, कपडे उतरवून आपल्या नंबराच्या प्लास्टिक पिशवीत घालायचे, गाठ मारायची, अंघोळ करायची आणि मगच घरचे कपडे चढवायचे. पिशवी माझ्याकडे येते. मी ती पाण्याखाली उघडते. आधी भिजवायचं, मग हात लावायचा. घाईच्या दिवशी कधी कधी कोरडीच उघडली जाते, खोटं कशाला बोलू.

हे नियम सगळ्यांत जास्त कोणी मोडले असतील तर माझ्या नवऱ्याने. बूशाईब राखेच्या टाकीवर होता, नंबर सतरा. मला ही नोकरी त्यानेच लावून दिली आणि मग जन्मभर पस्तावला. हवेच्या पाइपने कपड्यांवरची राख उडवायचा आणि ढगातून बाहेर येऊन माझ्याकडे बघून दात काढायचा. मी तोंडाचा पट्टा सोडला की म्हणायचा, "तामू, तू लग्न माझ्याशी केलंस की कारखान्याशी?" मी म्हणायची, "कारखाना निदान पगार वेळेवर देतो." पाळीवरचे सगळे खो-खो हसायचे.

राखेने तो गेला नाही. एका रविवारी सकाळी मोपेडवर सार्डिन आणायला गेला आणि फाट्यावर ट्रकखाली आला. अंगात धुतलेला पांढरा शर्ट होता. मासे आणायला पांढरा शर्ट कशाला घालतोस, म्हणून मी दारातच त्याच्यावर खेकसले होते. माझे त्याच्याशी शेवटचे शब्द तेच. इद्दतीचे चार महिने दहा दिवस मी विधवेच्या पांढऱ्या कपड्यांत घरी बसले. कामावर परतले तेव्हा कपाटामागे एक पिशवी सापडली, गाठ मारलेली. सतरा नंबर. त्याचा शनिवारचा डगला. बदलीवरच्या बाईने धुतला नव्हता. माणूसच नाही तर कशाला धुवायचा, असं तिला वाटलं असेल.

मीही धुतला नाही. दोन वर्षं धुतला नाही.

शुक्रवारी दुपारी सगळे पुरुष नमाजाला जातात. यंत्रं बंद असतात, अंगण रिकामं. तेव्हा मी दार लावून घ्यायची, पिशवीची गाठ सोडायची आणि आत तोंड घालायची. मी! जी लोकांच्या सात पिढ्या उद्धारते, ती कोरड्या डगल्यात नाक खुपसून बसायची. त्यात तो होता. त्याचा घाम, त्याचा तंबाखू, आणि टाकीवरून उतरल्यावर त्याच्या मानेला यायचा तो कोमट, जळका वास. मी त्याच्याशी बोलायची. आपली लेक शिक्षिका होणार आहे रे, घिजलान माराकेशला वसतिगृहात राहते. तुझी मोपेड विकली, पाण्याच्या भावाने गेली. शर्टावरून बोलले ते मनावर घेऊ नकोस. मग गाठ मारून पिशवी परत कपाटामागे. आठवडाभर मी त्या एका दुपारवर जगायची.

या हिवाळ्यात खोकला लागला. कोरडा, खाकरल्यासारखा. दर वर्षी कामगारांच्या छातीची तपासणी होते, या वेळी डॉक्टरीणबाईंनी मलाही नळीत फुंकायला लावलं. कागद बघून त्यांनी चष्मा वर केला.

"तुमचं काम सगळं पाण्यातलं. मग कोरडी धूळ कुठे खाता?"

"कुठेच नाही."

"अजून फार बिघडलेलं नाही. पण कुठून येते ते शोधा आणि थांबवा. तुम्हाला नाही सापडलं तर मी सी मआतींना शोधायला सांगेन."

सी मआती म्हणजे आमचे सुरक्षेचे साहेब. बूशाईबचा लहानपणापासूनचा दोस्त. पुढच्याच शुक्रवारी सकाळी ते धुलाईघरात आले, पाणी बघितलं, पंखा बघितला, कपाटामागे हात घातला. पिशवी बाहेर काढली. नंबर वाचला आणि खुर्चीवर बसलेच.

"तामू," ते म्हणाले. लल्लाबिल्ला काही नाही, नुसतं तामू. "ही उघडतेस तू?"

"शुक्रवारी फक्त."

त्यांनी पिशवीची गाठ ओढून घट्ट केली. "त्याने माझं कधी ऐकलं नाही. तू तरी ऐक. सोमवारी मला अहवाल लिहायचाय. तोवर हा डगला धुऊन टाक. नाहीतर मी घेऊन जातो, माझ्या हाताने धुतो."

"तुम्ही हात लावायचा नाही!"

"मग तू लाव. पण पाणी घालून."

त्या दुपारी मी पिशवी उघडली नाही. संध्याकाळी जेलाब्याच्या पायघोळ झग्याआत पोटाशी धरून ती घरी नेली. चोरासारखी. डगला धुतला की बूशाईब दुसऱ्यांदा जाणार, आणि या वेळी माझ्या हाताने, एवढंच मला कळत होतं. न धुवावा तर नोकरी जाणार आणि छातीही. रात्रभर मी त्या पिशवीशी भांडले. सकाळी कामाला दांडी मारली, हम्मामला जाऊन अंग घासून घासून लाल केलं, तरी निर्णय होईना.

दुपारच्या बसने घिजलान आली. पोरीला बघितलं आणि मला वाटलं, धुवायचाच असेल तर आधी तिला बापाचा वास द्यावा. तिचाही तो हक्कच. गच्चीवर नेऊन मी पिशवी पुढे ठेवली.

"हा बाबांचा आहे. शेवटचा. मी फक्त गाठ सैल करते. एकदाच घे, हळू."

तिचे डोळे भरून आले. ती वाकली, एकच श्वास घेतला, आणि तशीच थांबली. मग माझ्याकडे बघितलं ते चमत्कारिकच.

"आई, हा बाबांचा वास नाही."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"हा तुझा वास आहे. तू रोज संध्याकाळी घरी येतेस ना, तो." ती खाली धावली आणि आपल्या बॅगेतून एक रुमाल घेऊन आली. माझाच, निळा, डोक्याला बांधायचा. मागच्या खेपेला हरवला म्हणून मी घर उलटंपालटं केलं होतं. "मीच नेला होता. उशीखाली ठेवते. तिथे झोपच येत नाही मला याच्याशिवाय."

मी रुमाल नाकाला लावला. मग पिशवीशी वाकले. मग परत रुमाल. देवा रे! तोच वास. कोमट, जळका. तसूभरही फरक नाही. घाम कधीच उडून गेला होता, तंबाखू गेला होता, नवरा गेला होता. दोन वर्षं मी राखेशी बोलत होते.

आणि राख माझ्या पोरीच्या उशीखाली होती. कामगारांना घरच्या कपड्यांचं वेगळं कपाट असतं. मला नाही, कारण कागदावर मी पाण्यात काम करते. कामावरचाच रुमाल बांधून मी रोज घरी यायची, आणि लोकांना अक्कल शिकवायची. माझ्यासारखी शहाणी मीच.

"दे तो इकडे," मी म्हणाले. "धुवायचा."

"नाही!" तिने रुमाल पोटाशी धरला. "तू हे दोन वर्षं ठेवलंस आणि मला एक रुमाल ठेवू देत नाहीस?"

तिच्या जागी मी असते तर मीही दिला नसता. शब्दांनी काही होणार नव्हतं. म्हणून मी टब भरला, पिशवी अख्खी पाण्यात दाबली आणि पाण्याखालीच गाठ सोडली. पाणी करडं झालं. मी मोठ्याने रडले, शेजारच्या गच्चीवरच्या बायका ऐकतात की काय याची फिकीर न करता. "बूशाईब, माफ कर रे, माफ कर," म्हणत मी तो डगला बुडवत राहिले.

घिजलान बघत होती. मग ती टबाशी येऊन बसली आणि तिने रुमाल हळूच पाण्यात सोडला. तो भिजायच्या आधीच ती माझ्या गळ्यात पडली आणि माझ्या मानेत नाक खुपसलं.

"आई, तुझ्या अंगाला कसलाच वास येत नाही. नुसता साबण."

"आज हम्मामला गेले होते ना. पण मी आहे इथे. घे, साबणाचा घे, हवा तेवढा."

ती तशीच राहिली. ओल्या हातांनी मी तिची पाठ थोपटत होते, आणि मला तिचा हेवा वाटत होता. पोटच्या पोरीचा हेवा, सांगायची लाज वाटते. तिने जपलेला वास गेला, पण गळ्यात पडायला मी होते. आणि मला तिच्या खांद्यावरून टब दिसत होता, त्यात बूशाईबच्या दोन बाह्या पाण्यावर तरंगत होत्या, आणि त्यांत हात नव्हते.