चिपळ्या पिशवीत होत्या

"विठू, चिपळ्या खाली ठेव बघू. वळण आलं की घाई करतोस," पुढच्या सीटवरून मागं न बघताच रोहिणीताई म्हणाल्या.

डग्गा मांडीवर घेऊन बसलेला विठू गोंधळला. "ताई, चिपळ्या तुमच्याच पिशवीत हायत."

ताईंनी पायाशी ठेवलेली पिशवी चाचपली. चिपळ्या निमूट आत होत्या. एवढ्यात गाडी वळली आणि पुन्हा कट कट कट.

"लय मात्र चोख आहे हो!" ताईंनी मान डोलावली.

गाडी चालवणारा कमळाकर हसला नाही. पेणहून निघाल्यापासून त्याचं देवाकडे एकच मागणं होतं: रोह्यापर्यंतचा रस्ता आजच्या दिवस तेवढा सरळ कर. आज रामनवमी. रोह्याजवळच्या त्याच्या गावी बाराच्या ठोक्याला रामजन्म व्हायचा, त्याआधी ताईंचं कीर्तन रंगायचं. कीर्तनकाराला जो घेऊन येतो त्यानं पाळण्याची पहिली दोरी ओढायची, ही गावची रीत. त्या दोरीसाठी कमळाकर उत्सवाच्या बैठकीत हट्टाला पेटला होता. गावातल्या तरण्या प्रणितनं आपली नवी कोरी गाडी देऊ केली, तरी कमळाकरनं ऐकलं नाही. "काका, तुमची गाडी पोचेपर्यंत रामाचं बारसं व्हायचं," असं प्रणित चारचौघांत म्हणाला होता, ते अजून कानात होतं.

"कशाचा आवाज हा? दुरुस्ती कोणी केली गाडीची?" ताईंनी विचारलं.

"मेस्त्रीनं," कमळाकरच्या तोंडून निघून गेलं.

"कोण मेस्त्री?"

"वडखळचा. इद्रीस."

इद्रीसनं खरं तर गाडी नुसती पाहिली होती. पुढच्या चाकाच्या सांध्यावर रबराचा बूट असतो, त्यात ग्रीस कोंडलेलं असतं. तो बूट आवळून धरणारे क्लॅम्प, म्हणजे धातूच्या कड्या, सैल झाले होते. 'बरोबर मापाचे मागवतो, चार दिस थांबा,' असं इद्रीसनं सांगितलं होतं. पण रामनवमी तोंडावर आली. कमळाकरनं हार्डवेअरच्या दुकानातून दोन क्लॅम्प आणले आणि काल गाडीखाली उताणं पडून स्वतःच्या हातानं आवळले. बाहेर आला तेव्हा लंकेला पूल बांधून आल्यासारखं त्याला वाटलं होतं.

वडखळच्या नाक्यावर जळक्या ग्रीसचा वास गाडीत शिरला.

"वडखळच ना हे?" ताई म्हणाल्या. "मग घ्या त्या इद्रीसकडेच."

इद्रीसनं चाक उतरवलं. आतली बाजू काळीकुट्ट माखली होती. क्लॅम्प घसरून बूट तोंड वासून बसला होता, आणि क्लॅम्पच्या स्क्रूचं डोकं दर वळणाला आतल्या लोखंडावर आपटून चकचकीत झालं होतं.

"हा तर पाण्याच्या पायपाचा क्लॅम्प! कोन शहाण्यानं हे..."

"तुम्हीच ना?" पदर खोचून ताई शेजारी उकिडव्या बसल्या होत्या. "कमळाकर म्हणाले."

इद्रीसनं मान वर केली. कमळाकर समोरच्या भिंतीवरची टायरची जाहिरात मन लावून वाचत होता. इद्रीसनं तो क्लॅम्प बोटांत एकदा फिरवला.

"व्हय ताई," तो म्हणाला. "झाली घाई."

"अहो, माणसं बसतात गाडीत! जन्म चुकला असता आज रामाचा!"

"चुकलंच माझं."

कमळाकर लगबगीनं पाना उचलायला वाकला.

"तुमी नका हात लावू, कमळाकरशेट," इद्रीस फार गोड आवाजात म्हणाला. "कपडे पांढरे हायत."

त्यानं सांधा पुसला, नवं ग्रीस भरलं, बूट खाचेत बसवला. मग मागवून ठेवलेल्या दोन कड्या काढल्या, एक मोठी, एक लहान. दोन्हींना वर उचललेला एकेक कान.

"इतकी बारकी पट्टी धरेल का हो?" ताईंनी विचारलं.

"धरते ना. लय आवळली तर रबर कापतं, सैल राह्यली तर ग्रीस पळतं." लहान कडी आवळण्याआधी त्यानं रबराखाली स्क्रू ड्रायव्हरचं टोक सरकवलं. फुस्स झालं. "हवा काढायची पयली. आत कोंडली तर बूट फुगतो, आनि फुगला की फाटतो."

"विठू, ऐकलंस?" ताईंचे डोळे चमकले. "पूर्वरंगाला घेते हे!"

इद्रीसनं पकडीत कडीचा कान धरून पिळला.

"म्हणजे कान पिळल्याशिवाय जागेवर राहत नाही म्हणा की!"

"राहत नाय, ताई," इद्रीस म्हणाला आणि कमळाकरकडे बघून दुसरा कान जरा जास्तच सावकाश पिळला.

पुढं रोह्यापर्यंत गाडी एकदाही बोलली नाही. प्रणित देवळाच्या पायरीवर मोबाइलमध्ये घड्याळ बघत उभा होता, त्यानं मुकाट्यानं ताईंची पिशवी घेतली. पूर्वरंगात ताईंनी फुगलेला बूट असा काही उभा केला की बायाबापड्या पदर तोंडाला लावून हसल्या. कमळाकरही हसला, इतरांच्या किंचित मागून.

बारा वाजले. घंटा दणाणल्या, गुलाल उडाला. गावातल्या धोंडुबाईनं वळलेली पांढरीशुभ्र दोरी कमळाकरच्या हाती आली. डोळे भरून आले त्याचे. त्यानं दोरी ओढली, सोडली, आणि दोरीवर चार बोटं काळी उमटली. कालपासून साबण झाला, राख झाली, रॉकेल झालं, पण नखांतलं आणि बोटांच्या रेघांतलं ते ग्रीस हटलं नव्हतं.

पाळणा गाता गाता ताईंची नजर दोरीवर गेली, तिथून त्याच्या नखांवर. सूर ढळला नाही. चिपळ्या मात्र हळूच वाजल्या, कट कट कट.

संध्याकाळी परतताना ताईंनी पिशवीतून सुंठवड्याच्या दोन पुड्या काढून त्याच्यापुढं धरल्या.

"ही इद्रीसभाईंना."

"आनि ही?"

"ते पाइपाचे क्लॅम्प ज्यानं बसवले, त्याला. भेटला तर द्या."

मागं विठूला अचानक खोकला आला.

वडखळला कमळाकर उतरला. हात पुशीत इद्रीस बाहेर आला. "परत वाजतंय काय?"

"नाय." त्यानं एक पुडी पुढं केली. दुसरी जरा वेळ मुठीतच राहिली. मग इद्रीसच्या देखत त्यानं ती सोडली आणि सगळीच्या सगळी तोंडात रिकामी केली. सुंठ घशाशी लागली, डोळ्यांतून पाणी आलं.

इद्रीसनं पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. स्वतःच्या पुडीतली चिमूट जिभेवर ठेवून तो थोडा वेळ चघळत राहिला.

"माझी तर गोड हाय," तो म्हणाला.